ही चांदी घासू नका!

दिवाळी जवळ आली की घरोघर चांदी बाहेर निघते. देव्हाऱ्यातली निरांजने, अत्तरदाणी, गुलाबदाणी, बारशाला आलेल्या वाट्या, पाळण्यातले वाळे असा वर्षभर कपाटात काळवंडलेला सारा संसार पाटावर मांडला जातो. कोणी रांगोळीने घासते, कोणी दंतमंजनाने, आणि लक्ष्मीपूजनाच्या आत ती लखलखीत झाली की गृहिणीला बरे वाटते.

पण पुष्कळ घरांत आणखी थोडी चांदी असते. तिची नोंद गृहिणीच्या यादीत नसते आणि घरमालकाच्याही नसते. ती असते पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चपट्या टिकल्यांच्या रूपाने. सकाळी नळाला पाणी येणार की सारे घर बादल्या घेऊन जिना चढणार-उतरणार, हे या टिकल्या ठरवतात. आणि मौज अशी की या चांदीचा नियम देव्हाऱ्यातल्या चांदीच्या नेमका उलट आहे. ती काळी दिसली तरी घासायची नाही!

माझा धंदा मोटारी भरण्याचा. जळालेल्या मोटारीचे जुने वाइंडिंग काढून नवे भरायचे आणि ती पुन्हा चालती करून द्यायची. माझी उभी हयात वालचंदनगरच्या आसपास गेली. इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळच्या माळावर १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी उसाचे मळे, साखर कारखाना आणि त्याभोवती हे गाव उभे केले. पुढे इथल्या यंत्रशाळेतून इतर साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे बाहेर पडली आणि अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणांची कवचेही इथे घडली. गावाचे नाव असे आकाशाला पोहोचले. माझे गिऱ्हाईक मात्र जमिनीवरचे, किंबहुना जमिनीखालचे! कुणाची विहीर, कुणाची बोअर, तर कुणाचा नीरेच्या काठावरचा पंप. वर्षानुवर्षे जळक्या मोटारी हाताळल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोटार बहुधा आपल्या दोषाने मरत नाही. तिला मारतो तो स्टार्टरमधला ‘पॉइंट’.

पाण्यामागची वीज

आमच्या भागाला पाणी पूर्वीपासून नीरा डाव्या कालव्याचे. त्याच्या मागे भाटघरचे धरण, ते १९२८ साली पुरे झाले. कालव्याचे आवर्तन येई तेव्हा पाणी आणि नसे तेव्हा विहिरीवर मोट. मग तेलाची इंजिने आली. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. नांगरापासून सुरुवात करून त्यांनी पंप केले आणि महाराष्ट्रातल्या विहिरींवरचे बैल हळूहळू मोकळे झाले. १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि गावोगाव तारा पोहोचू लागल्या. १९७२च्या दुष्काळानंतर विहिरींना आणि विजेच्या पंपांना आणखी जोर आला. पुढे १९८०च्या सुमारास भीमेवर उजनीचे धरण झाले आणि इंदापूरच्या काठाने त्याचे पाणी पसरले. आज त्या फुगवट्याच्या कडेला पंपांच्या ओळी दिसतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटते तसतसा शेतकरीही मोटार, पाइप आणि केबल घेऊन पाण्याच्या मागे मागे उतारावर जातो.

या साऱ्या मोटारींना एक-एक स्टार्टर. बहुतेक खेड्यांत तो झाडाला किंवा खांबाला ठोकलेल्या पत्र्याच्या पेटीत असतो. ऊन, धूळ, पाऊस, सारे त्याच्या नशिबी. अन् त्याच्या पोटात त्या चांदीच्या टिकल्या.

ठिणगी कुठून येते?

स्टार्टरची रचना साधी आहे. हिरवे बटण दाबले की एका कॉइलमध्ये वीज जाते आणि तिचे लोहचुंबक होते. ते समोरचा लोखंडी तुकडा ओढून घेते. त्या तुकड्यावर बसवलेले पॉइंट स्थिर पॉइंटांना जाऊन भिडतात आणि तीन फेजची वीज मोटारीत शिरते. लाल बटण दाबले किंवा लाइट गेली की चुंबक सुटते, स्प्रिंग पॉइंटांना मागे ढकलते आणि मोटार थांबते.

आता हे भिडणे आणि सुटणे आपल्याला वाटते तितके सरळ नसते. जमिनीवर चेंडू टाकला तर तो जसा दोन-चार उड्या मारून स्थिरावतो, तसा पॉइंट भिडताना काही सहस्रांश सेकंदांत उड्या मारतो. आणि नेमक्या त्याच क्षणी मोटार सर्वांत अधिक वीज ओढत असते. ५ अश्वशक्तीची मोटार चालू असताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या सहा-सात पट. म्हणजे पन्नासच्या घरातला प्रवाह त्या उड्या मारणाऱ्या टिकल्यांतून जातो. टिकलीचा पृष्ठभाग तिथे क्षणभर वितळतो. फार वितळला तर दोन्ही टिकल्या चिकटून बसतात. मग लाल बटण दाबले तरी मोटार थांबत नाही आणि माणसाला वाटते, भूतबाधा झाली!

सुटताना निराळीच कथा. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाने १८३२ साली नोंदले होते की लांब तारेतून चाललेली वीज एकदम तोडली तर तोडल्या जागी ठळक ठिणगी उडते. वेटोळ्यातून वाहणारी वीज धावत्या बैलगाडीसारखी असते. बैल सोडले तरी गाडी जागीच थांबत नाही. मोटारीच्या वेटोळ्यांत साठलेली शक्ती पॉइंट सुटले तरी मधल्या हवेतून उडी घेते. त्या ठिणगीची उष्णता हजारो अंशांची, आणि चांदी तर ९६२ अंशांना वितळते. प्रत्येक वेळी टिकलीचा अंशमात्र कण उडून जातो. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ही ठिणगी लवकर विझते, एवढेच आपले भाग्य.

१२० वर्षांचे कोडे

आता एक हिशेब करू. शेतकरी दिवसातून फार तर दोनदा मोटार सुरू करतो. म्हणजे वर्षाला ७३० वेळा. याउलट शहरातल्या एखाद्या बंगल्यात नळ उघडताच आपोआप चालू होणारा प्रेशर पंप असतो. त्याची टाकी बिघडलेली असली तर तो दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतो. दिवसाचे आठ तास धरले तरी २४० वेळा आणि वर्षाला ८७,६०० वेळा. म्हणजे बंगल्यातला पंप वर्षात जितक्यांदा चालू होतो, तितक्यांदा चालू व्हायला शेतातल्या स्टार्टरला १२० वर्षे लागतील! चांगल्या स्टार्टरचे पॉइंट योग्य भाराखाली काही लाख वेळा काम देतात. मग या हिशेबाने शेतकऱ्याचा स्टार्टर नातवाच्या नातवाने वापरायला हवा. प्रत्यक्षात त्याचे पॉइंट एखाद्या उन्हाळ्यातच जातात. हे कसे?

याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकाआधी कानांनी दिले. चांगला स्टार्टर ‘खट्’ असा एकच आवाज करून गप्प बसतो. आमच्याकडचे स्टार्टर मात्र उन्हाळ्यात घुंऽऽ करून गुणगुणतात, मधूनच खडखडतात. ही गुणगुण म्हणजे त्यांचा कण्हण्याचा आवाज आहे.

होते असे. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी अजून ठरावीक आठ तास येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री-अपरात्री उठून, पायाखाली साप आहे की विंचू हे न बघता बटण दाबायला जाण्याचा कंटाळा कोणाला येणार नाही? म्हणून लोक स्टार्टरला ऑटो स्विच बसवतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. एकाची सोय झाली. पण एका डी. पी.वर दहा-पंधरा मोटारी असतात आणि सगळ्यांना ऑटो! लाइट येताच साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि सहा-सात पट वीज मागतात. तारेतले व्होल्टेज धाडकन खाली येते. स्टार्टरचे चुंबक घट्ट ओढून धरण्यासाठी ४१५ पैकी निदान साडेतीनशे व्होल्ट तरी लागतात. तेवढे मिळाले नाहीत की पकड ढिली पडते. पॉइंट सुटतात, मोटार सुटली म्हणून व्होल्टेज वर येते, ऑटो पुन्हा ओढून घेतो, पुन्हा व्होल्टेज पडते आणि पुन्हा सुटतात. दर वेळी पॉइंटांतून जातो तो उठतानाचा सहापट प्रवाह, आणि तोडावा लागतो तोही तोच. वर्षाच्या ७३० ठिणग्यांचा हिशेब मग काही मिनिटांत उरकतो.

एक पॉइंट गेला की

तीन पॉइंट कधी एकदम जात नाहीत. एक आधी जातो. मग मोटारीला तीनऐवजी दोनच फेज मिळतात. चालती मोटार चालतच राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट वीज ओढते. तिचा आवाज जड होतो, अंग तापते आणि वाइंडिंगचा व्हार्निश जळाल्याचा वास सुटतो. वेळीच बंद करील असा ओव्हरलोड रिले स्टार्टरमध्ये असतो. पण ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून त्याचा काटा कोणीतरी वर चढवून ठेवलेला असतो, किंवा बटणात लाकडाची काडी घालून ते दाबूनच ठेवलेले असते. मी अशा काड्या जमवल्या असत्या तर एखादी चूल पेटली असती!

एप्रिल-मे महिन्यांत अशी मोटार माझ्या दुकानात येते तेव्हा तिच्यामागे येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. कालव्याचे आवर्तन अजून लांब असते. उसाला आठ-दहा दिवसांत पाणी मिळालेच पाहिजे. बोअरमधली मोटार असली तर ती वर काढायला माणसे लावावी लागतात, मग भरणे, वाळवणे, पुन्हा सोडणे. दोन-चार दिवस आणि हजारो रुपये सहज जातात. एका वर्षी असेच एक वयस्क बागायतदार मोटार घेऊन आले आणि बाकड्यावर टेकले.

“मिस्त्री, याच हंगामात दुसऱ्यांदा भरतोय. तुमच्या तारेत काही खोट हाय का?”

“मामा, तार चोख आहे. तुमच्याकडे लाइट आल्यावर स्टार्टर खडखडतो का?”

“खडखडतो म्हंजे? निस्ता ताशा वाजतो. समद्यांचाच वाजतो.”

“किती मोटारी आहेत डी. पी.वर?”

“अकरा. आन् समदी भावकीच.”

मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेलो. भावकी म्हटल्यावर बोलाचाली बंद असलेली दोन-तीन घरे होतीच. पण पाणी सगळ्यांचेच तुटत होते आणि डी. पी.ही मागच्या उन्हाळ्यात जळाली होती. पारावर बसून एवढेच ठरले की ज्यांना ऑटो काढवत नाही त्यांनी त्याला उशिराने सुरू होणारा टायमर लावायचा. पहिल्या घराने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, असे अकरा मिनिटांत अकरा मोटारी. शिवाय प्रत्येकाने मोटारीला कपॅसिटर जोडायचा, ५ अश्वशक्तीला साधारण २ के. व्ही. ए. आर.चा. त्याने मोटार तारेतून कमी प्रवाह ओढते आणि व्होल्टेज सावरते. ऑटो काढा आणि कपॅसिटर लावा, हे महावितरणही वर्षानुवर्षे सांगत आले आहे. ते ऐकले जात नाही याचे कारण अडाणीपणा नव्हे. एकट्याने ऐकून भागत नाही, हे खरे कारण. मी ऑटो काढला आणि शेजाऱ्याने ठेवला तर पाणी त्याचे चालते आणि माझे राहते. सर्वांनी मिळून केले तरच ते प्रत्येकाच्या फायद्याचे. त्या वस्तीवरचा ताशा थांबला. मामा पुढच्या उन्हाळ्यात आले ते मोटार घेऊन नव्हे, लग्नपत्रिका घेऊन!

तांब्याची सवय चांदीला

आता घासण्याकडे वळतो. जुन्या काळचे स्विच तांब्याच्या पात्यांचे असत. तांब्यावर हवेने जो थर चढतो तो विजेला अडवतो, म्हणून जुने वायरमन कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन तांबे लखलखीत करत. ते बरोबरच होते. पुढे पॉइंट चांदीचे आले, सवय मात्र तांब्याचीच राहिली.

सर्व धातूंत वीज सर्वांत सुलभ वाहते ती चांदीतून. ती महाग असूनही पॉइंटांना वापरतात ती यासाठी. शिवाय तिच्यावरचा पातळ काळा थर स्टार्टरच्या कामात अडथळा आणत नाही. दाबाने आणि ठिणगीच्या उष्णतेने तो मोडतो. निव्वळ चांदी मऊ आणि चिकटणारी, म्हणून तिच्यात पूर्वी कॅडमियमची संयुगे मिसळत. कॅडमियम विषारी असल्याने आता कथिलाच्या ऑक्साइडकडे कल आहे. हे मिश्रण पॉइंटला चिकटू देत नाही. पॉइंट काळे, खरबरीत, बारीक खळग्यांचे दिसले तरी चालतात. ते खळगे घासून सपाट करणे म्हणजे वर्षभर पुरणारी चांदी पाच मिनिटांत जमिनीवर पाडणे. पॉलिश पेपरचे कण चांदीत रुतून बसतात ते वेगळेच.

मग कधी बदलायचे? चांदी झिजून खालचा तांब्याचा किंवा पितळेचा रंग दिसू लागला, टिकली सुटली किंवा एक पॉइंट दुसऱ्यापेक्षा उघड पातळ झाला, की बदलायचे. आणि बदलायचे ते तिन्ही एकदम, स्प्रिंगसह, त्याच कंपनीच्या त्याच मापाचे. जुन्या-नव्याची जोडी जमत नाही. नव्याच्या माथी सारा भार येतो.

मुंग्या आणि पाली

पॉइंटांच्या शत्रूंत एक सजीव पलटणही आहे. स्टार्टरच्या उबेला पाल येऊन बसते आणि दोन फेजच्या मध्ये स्वतःची आहुती देते. मुंग्यांचा प्रकार अधिक चमत्कारिक. एक मुंगी पॉइंटांत सापडून मरते तेव्हा तिच्या अंगातून धोक्याचा गंध सुटतो. तो हुंगून साऱ्या जणी मदतीला धावतात आणि त्याही मरतात. शेवटी पॉइंटांच्या मध्ये मुंग्यांची गादी तयार होते आणि पॉइंट भिडतच नाहीत. हे केवळ आपल्याकडेच नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००२ पासून एका जातीच्या मुंग्यांनी पंपांचे आणि विजेच्या पेट्यांचे असेच हाल केले. कीटक मारण्याचा धंदा करणाऱ्या ज्या गृहस्थाने त्या प्रथम हेरल्या, त्याचे ‘रॅझबेरी’ हे आडनावच त्यांना चिकटले. उपाय साधा आहे. केबल जिथून पेटीत शिरते तिथे रबरी बूच बसवावे, उरलेली भोके बुजवावी, पेटीचे झाकण नीट लावावे. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवणारेही आमच्याकडे पुष्कळ आहेत.

शहरातल्या टाकीवर

वाचक म्हणतील, हे सारे शेतकऱ्याचे झाले, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आमचे काय? माझी लेक पुण्याला अशाच एका इमारतीत असते. तिथे गेलो की सोसायटीचे सेक्रेटरी ‘काका, जरा पंप बघता का?’ म्हणून मला जिन्याखाली नेतात. शहरातले दुखणे व्होल्टेजचे नसते, फार वेळा चालू-बंद होण्याचे असते.

गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा फ्लोट एकाच पातळीवर लावलेला असला तर पाणी दोन बोटे उतरताच पंप सुरू आणि दोन बोटे चढताच बंद. फ्लोटला पुरेशी ढील द्यावी किंवा दोन पातळ्या ठेवाव्या. टाकी अर्धी झाली की सुरू आणि भरली की बंद, म्हणजे दिवसाला चाळीस ठिणग्यांच्या जागी चार. प्रेशर पंपाच्या छोट्या टाकीतली हवा कमी झाली असेल तर ती भरून घ्यावी. फूटव्हॉल्व्ह किंवा एखादा नळ गळत असेल तर रात्रभर पंप उगाच उठ-बस करतो. दोन रुपयांच्या वायसरपायी हजारो रुपयांचा पंप झिजतो. शेवटचे म्हणजे फ्लोटच्या किंवा प्रेशर स्विचच्या नाजूक पॉइंटांतून पंपाची सारी वीज नेऊ नये. त्याने फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवावी आणि ओझे काँटॅक्टरने उचलावे. काँटॅक्टर घेताना दुकानदाराला ‘मोटारीसाठी, ए. सी. ३ प्रमाणे किती अँपिअर?’ एवढे विचारावे. बल्ब-हीटरसाठी लिहिलेला मोठा आकडा मोटारीला लागू नसतो.

स्वतः काय करावे?

कान द्यावा. स्टार्टर ‘खट्’ करून गप्प बसत असेल तर त्याला हात लावू नये. गुणगुणत असेल तर आधी व्होल्टेज मोजून घ्यावे. ते ठीक असूनही आवाज येत असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ-गंज बसला असेल किंवा त्यातली तांब्याची बारीक कडी तुटली असेल. वीज शून्यावर येते त्या क्षणी पकड टिकवते ती हीच कडी. वर्षातून एकदा तारांचे स्क्रू आवळून घ्यावे, कारण ढिल्या स्क्रूची उष्णता पॉइंटापर्यंत पोहोचते. मोटार बंद झाल्यावर लगेच पुन्हा बटण दाबू नये. मिनिटभर थांबावे. आणि झाकण उघडण्याचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. त्यानेही मेन स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात ठेवून आणि टेस्टरने पाहूनच हात घालावा. फ्यूज खिशात असला म्हणजे दुसरा कोणी येऊन तो परत बसवील ही भीती राहत नाही. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावून गेलेली माणसे आमच्या भागाने पाहिली आहेत. मोटार पुन्हा भरता येते, माणूस नाही.

एवढे सांभाळले तर त्या टिकल्या बिनबोभाट काम करतात. इंदापूरकडच्या एखाद्या मळ्यात रात्री दोन वाजता लाइट येते, कुणाच्या तरी खांबावर ‘खट्’ असा एकच आवाज होतो आणि पाटाला पाणी लागते. तो आवाज ऐकून शेतकरी कूस बदलून पुन्हा झोपतो. माझ्या दुकानाचे त्यात नुकसानच आहे म्हणा, पण ते मी आनंदाने सोसतो.